मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवर अँटिबॉडी औषध कसे घडवावे

कामाला लागण्याआधी कागदावर एक गणित मांडा. ७० किलो वजनाच्या माणसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ७०० मिलिग्रॅम अँटिबॉडी शिरेतून दिली. रक्तद्रव सुमारे ३ लिटर धरला तर औषध पूर्ण गेल्यावर रक्तद्रवात मिलिलिटरमागे साधारण २३० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी असते. त्यातली मेंदूच्या ऊतीपर्यंत पोहोचते ती ०.१ ते ०.३ टक्का. ०.१ टक्का धरा: मिलिलिटरमागे ०.२३ मायक्रोग्रॅम. आयजीजीचा, म्हणजे या प्रकारच्या अँटिबॉडीचा, रेणुभार दीड लाख डाल्टन, तेव्हा हे प्रमाण झाले सुमारे १.५ नॅनोमोलर (लिटरमागे रेणू किती हे मोजायचे एकक). तेही रक्तातली पातळी शिगेला असताना. पुढच्या डोसपर्यंत ते आणखी खाली येते.

आता समोरची बाजू पाहा. मेंदू-मज्जाद्रवात अमायलॉइड बीटाचे, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, सुटे रेणू साधारण याच पातळीवर, काही नॅनोमोलर असतात. शिवाय ते तासाला सात-आठ टक्के या वेगाने नवे बनत आणि जुने निचरा होत राहतात. तुमची अँटिबॉडी या सुट्या रेणूंनाही घट्ट धरत असेल तर ती प्लाकपर्यंत, म्हणजे या प्रथिनाच्या साचलेल्या गोळ्यांपर्यंत, पोहोचण्याआधीच खर्ची पडते, आणि उद्या पुन्हा तितकेच रेणू तिची वाट अडवायला हजर असतात. कोणते रूप धरायचे, किती घट्ट धरायचे, रक्त-मेंदू अडथळा ओलांडायला वेगळी सोय हवी का, डोस किती, हे सगळे या दीड नॅनोमोलरमधून निघते. पुढची प्रत्येक पायरी याच आकड्याशी ताडून पाहा.

प्रथिनाचे कोणते रूप धरायचे

अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा आणि टाऊ, पार्किन्सनमध्ये आल्फा-सायन्यूक्लिइन, एएलएसमध्ये (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या ऱ्हासात) बहुधा टीडीपी-४३: नावे ठरलेली आहेत. प्रश्न नावाचा नसतो, रूपाचा असतो. एकच प्रथिन सुटा रेणू (मोनोमर), ऑलिगोमर (काही रेणूंची गुठळी), प्रोटोफायब्रिल (आखूड, अजून विरघळलेला धागा), फायब्रिल (लांब, न विरघळणारा धागा) आणि शेवटी प्लाक अशा अवस्थांतून जाते. त्यातली नेमकी कोणती अवस्था पकडायची हे लेखी ठरवल्याशिवाय एकही उंदीर टोचू नका.

अमायलॉइडच्या बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव हाताशी आहे, तो नीट वाचावा. सोलानेझुमॅब सुट्या रेणूंचा मधला भाग धरत असे. २०१६ मध्ये सौम्य अल्झायमरच्या चाचणीत आणि २०२३ मध्ये लक्षणे नसलेल्यांच्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले, प्लाक जागेवरच राहिले. बापिनेझुमॅब रेणूचे सुरुवातीचे टोक धरत असे, म्हणजे सगळीच रूपे. पण मेंदूला सूज येऊ लागल्याने डोस किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅमवर थांबवावा लागला. वरचे गणित ०.५ मिलिग्रॅमला लावले की मेंदूत ०.०८ नॅनोमोलर उरते. २०१२ मध्ये ती चाचणी फसली यात नवल नाही. गँटेनेरुमॅबच्या मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये अपयशी ठरल्या, कारण प्लाक निघत होते पण अपेक्षेपेक्षा फार संथपणे.

प्लाक खरोखर हटवले त्या अँटिबॉडी पाहा. लेकॅनेमॅब प्रोटोफायब्रिल धरते. स्वीडनमधल्या एका कुटुंबात सापडलेल्या, अमायलॉइडच्या २२ व्या अमिनो आम्लाच्या जागेवरच्या ‘आर्क्टिक’ जनुकीय बदलामुळे प्रोटोफायब्रिल जास्त बनतात हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या धाग्यावरून ही अँटिबॉडी निघाली. सुट्या रेणूपेक्षा प्रोटोफायब्रिलला ती हजार पटींच्या आसपास अधिक ओढीने धरते. डोनानेमॅबने वेगळी वाट घेतली: तिसऱ्या जागेवर पायरोग्लुटामेट झालेले अमायलॉइड फक्त साचलेल्या प्लाकमध्येच असते, म्हणून वाटेत तिला कोणी अडवतच नाही. अडुकानुमॅबची ओढ सुट्या रेणूशी मायक्रोमोलर पातळीवर, म्हणजे अगदी कमजोर. मात्र फायब्रिलवर तिचे दोन्ही हात एकदम बसतात आणि पकड घट्ट होते. तीन वेगळ्या युक्त्या, पण तिन्हींमध्ये सुटा रेणू टाळलेला आहे.

टाऊसाठी हा धडा अजून महाग पडला. गोसुरानेमॅब आणि टिलाव्होनेमॅब टाऊचे सुरुवातीचे टोक धरत. मज्जाद्रवातला मोकळा टाऊ त्यांनी जवळजवळ पुसून टाकला, तरी रुग्णांना उपयोग झाला नाही. कारण पेशीबाहेर सापडणारा टाऊ बहुतांशी तुकड्यांचा असतो आणि दुसऱ्या पेशीत बी पेरणारा, म्हणजे तिथल्या टाऊलाही गोळा व्हायला लावणारा, तुकडा सुरुवातीच्या टोकाशिवायही काम करू शकतो. नवे काम करायचे तर मायक्रोट्यूब्यूलला (पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना) चिकटणारा टाऊचा भाग किंवा त्याच्या लगतचा मधला भाग निवडा. आल्फा-सायन्यूक्लिइनमध्ये १४० अमिनो आम्लांपैकी शेवटचे टोक फायब्रिलमधून बाहेर लोंबते, म्हणून बहुतेक अँटिबॉडी तिथेच बसतात. पण हे टोक कापले गेलेले रूपही रुग्णाच्या मेंदूत असते. निवडलेली जागा अशा कापलेल्या रूपात शिल्लक राहते का, हे आधी तपासा.

प्रतिजन तयार करणे

प्रतिजन म्हणजे अँटिबॉडीने जे धरायचे ते प्रथिन. इथे सर्वाधिक वेळ द्या. अँटिबॉडी चुकीची निघण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे नळीत जे आहे असे वाटते ते प्रत्यक्षात नसते.

अमायलॉइड बीटा-४२ (४२ अमिनो आम्लांचे रूप) शक्यतो जिवाणूंकडून बनवून घेतलेले वापरा. रासायनिक संश्लेषणातल्या पेप्टाइडमध्ये एखादे अमिनो आम्ल गळालेल्या किंवा उलट्या हाताच्या साखळ्या थोड्या असतात, आणि तेवढ्यानेही गोळा होण्याचा वेग बदलतो. पावडर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात एचएफआयपी या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवा, साध्या तापमानाला तासभर ठेवा. आधीपासून झालेल्या गुठळ्या यात मोडतात. पॉलीप्रॉपिलीनच्या, प्रथिन न चिकटणाऱ्या नळ्यांत वाटून घ्या, वायुकपाटात रात्रभर उडू द्या, उरलेले निर्वातात सुकवा आणि जो पापुद्रा उरतो तो उणे ८० अंशांवर ठेवा. एचएफआयपीचा अंशही राहिला तर तो स्वतःच गुठळ्या घडवतो, म्हणून सुकवण्यात घाई नको.

सुटे रेणू हवे असतील तर पापुद्रा १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सुपरडेक्स-७५ या, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून काढा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. गोठवून पुन्हा वितळवलेला ‘मोनोमर’ मोनोमर राहत नाही. ऑलिगोमरसाठी पापुद्रा डीएमएसओमध्ये ५ मिलिमोलर करून, फिनॉल रेड नसलेल्या एफ-१२ माध्यमात १०० मायक्रोमोलरवर आणा आणि ४ अंशांवर २४ तास ठेवा. फायब्रिलसाठी तेच १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंशांवर, २४ तास. प्रोटोफायब्रिल तटस्थ पीएचच्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासाच्या आसपास बनतात. मग जोरात फिरवून तळाशी बसणारे फायब्रिल काढून टाका आणि वरचे द्रावण त्याच स्तंभातून सोडा. सर्वांत आधी, रिकाम्या जागेच्या टप्प्यात बाहेर पडते ते तुमचे प्रोटोफायब्रिल.

आल्फा-सायन्यूक्लिइनचे फायब्रिल: मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, ३७ अंश, मिनिटाला १,००० फेऱ्यांनी हलवत ७ दिवस. वापरण्याआधी ध्वनिलहरींनी तोडून लांबी ५० नॅनोमीटरच्या आसपास आणा. लांब फायब्रिल पेशीत शिरत नाहीत आणि ‘अँटिबॉडीने रोखले’ असा खोटा निष्कर्ष हाती येतो. हे फायब्रिल बर्फावर ठेवू नका, थंडीत ते सुटतात. साध्या तापमानाला ठेवा. जिवाणूंमधून आलेल्या प्रथिनात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विष) असतेच. ते जुळवणीच्या आधीच काढा, नाहीतर मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकारपेशी) खवळतात त्या एंडोटॉक्सिनमुळे आणि श्रेय जाते अँटिबॉडीला. सांडलेले फायब्रिल पुसायला १ टक्का एसडीएस (साबणासारखे रसायन) वापरा. नुसते इथेनॉल फिरवून ते निघत नाहीत, आणि ते माणसाच्या शरीरात जाऊ नयेत एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.

प्रत्येक खेप तीन परीक्षांतून काढा: थायोफ्लेविन-टी, म्हणजे फायब्रिलला चिकटून चमकणारा रंग (४४० ते ४५० नॅनोमीटरला उत्तेजन, ४८५ च्या आसपास मोजणी), इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आणि वेगाने फिरवल्यावर वर किती व तळाशी किती. थायोफ्लेविन एकट्यावर विसंबू नका, कारण ऑलिगोमर त्यात फारसे चमकत नाहीत.

टाऊच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. प्रयोगशाळेत हेपरिन घालून बनवलेले टाऊ फायब्रिल आणि अल्झायमरच्या मेंदूतून काढलेले फायब्रिल यांची घडी वेगळी असते. २०१७ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मेंदूतल्या फायब्रिलची रचना उलगडली आणि पुढे हा फरक स्पष्ट झाला. म्हणून निवडीच्या अंतिम फेरीत मृत दात्यांच्या मेंदूतला, सार्कोसिल या साबणद्रव्यात न विरघळणारा भागच वापरा. आल्फा-सायन्यूक्लिइनलाही हेच लागू आहे: मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी आणि पार्किन्सन यांतल्या घड्या एक नाहीत.

अँटिबॉडी मिळवणे आणि गाळणे

उंदराला टोचून हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या जोडपेशी) करा, फेज डिस्प्ले (विषाणूंवर मांडलेल्या अँटिबॉडींच्या संचातून निवड) वापरा, किंवा अडुकानुमॅबप्रमाणे वृद्ध माणसांच्या बी-पेशींमधून शोधा. तिन्ही मार्ग चालतात. उंदराच्या अँटिबॉडीचे मानवीकरण करताना पकडीची वेटोळी (प्रतिजन धरणारे भाग) मानवी चौकटीत बसवल्यावर ओढ दहा-वीस पटींनी घटली, तर वेटोळ्यांना खालून आधार देणाऱ्या जागांवर मूळ अमिनो आम्ले एकेक करून परत आणा. सगळी एकदम आणली तर नेमका दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

गाळणीत सर्वाधिक फसवणारी गोष्ट म्हणजे दोन हातांची पकड. अँटिबॉडीला दोन हात असतात. पृष्ठभागावर अमायलॉइड दाट बसवले की एक हात सुटला तरी दुसरा धरून ठेवतो, आणि १ मायक्रोमोलरची कमजोर अँटिबॉडी पिकोमोलर असल्यासारखी दिसते. एलायझाच्या (प्लेटवर अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर तर आणखी गोंधळ होतो: पॉलिस्टायरीनवर सुटे रेणूही पसरून, गोळा होऊन बसतात, म्हणजे ‘मोनोमर प्लेट’ ही व्यवहारात गुठळ्यांचीच प्लेट ठरते. यावर उपाय तीन. पृष्ठभाग प्लाझ्मॉन अनुनादात (चिपवर पकड मोजणाऱ्या पद्धतीत) अँटिबॉडी चिपवर विरळ बसवा आणि प्रतिजन वरून वाहू द्या. सुट्या रेणूची ओढ मोजताना एकहाती फॅबचा (अँटिबॉडीच्या एका सुट्या हाताचा) आकडाही घ्या. आणि खरा निवाडा द्रावणातल्या स्पर्धेत करा: अँटिबॉडी वाढत्या प्रमाणातल्या मोनोमर, प्रोटोफायब्रिल किंवा फायब्रिलबरोबर द्रावणात समतोल होऊ द्या, मग मोकळी उरलेली अँटिबॉडी लेप दिलेल्या प्लेटवर १५ मिनिटे पकडून मोजा. इतका कमी वेळ मुद्दाम ठेवायचा, म्हणजे प्लेट द्रावणातला समतोल मोडत नाही. अर्धी अँटिबॉडी अडवायला किती मोनोमर लागला आणि किती प्रोटोफायब्रिल, यांचे गुणोत्तर हीच तुमची निवडकता. ते १०० च्या खाली असेल तर तो क्लोन, म्हणजे ती अँटिबॉडी, सोडून द्यावा, असे आमचे मत आहे.

यानंतर माणसाच्या मेंदूचे काप. रसायनात न मुरवलेले, गोठवलेले, १० मायक्रोमीटर जाडीचे काप घ्या. फॉर्मिक आम्लाने धुतलेल्या कापावर अँटिबॉडी बसली याने काही सिद्ध होत नाही, कारण ते आम्ल घडी उलगडून दडलेल्या जागा उघड्या करते आणि रुग्णाच्या मेंदूत फॉर्मिक आम्ल नसते. त्याच कापांवर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अमायलॉइडवर अँटिबॉडी किती बसते तेही मोजा. हा आकडा पुढे चाचणीत सुजेच्या रूपाने समोर येऊ शकतो. कापावर जिवंत मायक्रोग्लिया सोडून प्लाक किती खाल्ले जातात हे पाहण्याची पद्धत २००० पासून वापरात आहे आणि आजही तिच्याइतकी उपयोगी दुसरी चाचणी क्वचितच मिळते.

बी पेरण्याच्या चाचण्यांत आणखी एक सापळा असतो. टाऊ गोळा झाला की चमकणाऱ्या एचईके (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींमध्ये बी ढकलायला लिपिडचे माध्यम वापरतात, आणि ते अँटिबॉडीलाही पेशीत ओढून नेते. आत गेलेली अँटिबॉडी ट्रिम-२१ या पेशीतल्या प्रथिनामार्फत बी नष्ट करू शकते. रुग्णात हे तसेच घडेल असे मानू नका, लिपिडशिवायचा प्रयोगही करा. चेतापेशींत आल्फा-सायन्यूक्लिइन वापरताना अँटिबॉडी आणि फायब्रिल आधी एकत्र मिसळून घातले की निकाल नेहमी छान येतो. फायब्रिल आधी, अँटिबॉडी चोवीस तासांनी, असाही गट ठेवा. १० ते १४ दिवसांनी १२९ व्या सेरीनवर फॉस्फेट असलेले प्रथिन मोजा.

क्लोन पक्का करण्याआधी त्याचा क्रम वाचून काढा. पकडीच्या वेटोळ्यांत ॲस्परॅजिन-ग्लायसिन, ॲस्पार्टेट-ग्लायसिन, उघडे मेथिओनिन किंवा साखर जोडली जाण्याची जागा असेल तर ती आताच बदला. हेपरिन आणि विषाणूकणांच्या प्लेटवर अँटिबॉडी चिकटते का तेही पाहा. चिकटखोर अँटिबॉडी रक्तातून लवकर नाहीशी होते आणि दीड नॅनोमोलरचा हिशेब तिथेच कोलमडतो.

शेपटीचा भाग

प्लाक काढायचे असतील तर आयजीजी-१ हा उपप्रकार ठेवा, मायक्रोग्लियाला शेपटी, म्हणजे दोन हातांखालचा अँटिबॉडीचा भाग, पकडता आली पाहिजे. अडुकानुमॅब, लेकॅनेमॅब, डोनानेमॅब तिन्ही आयजीजी-१ आहेत. फक्त बी अडवायचे असेल तर शेपटी मुकी करण्याचा पर्याय आहे: २३४ आणि २३५ या जागांवरची ल्युसिन बदलून ॲलनिन, हवे तर ३२९ चे प्रोलिन बदलून ग्लायसिन. आयजीजी-४ घेतलीत तर २२८ व्या जागी सेरीनऐवजी प्रोलिन घालाच, नाहीतर रक्तात एका अँटिबॉडीच्या अर्ध्या भागाची दुसरीच्या अर्ध्या भागाशी अदलाबदल होते. अर्धायुष्य वाढवणारा २५२-२५४-२५६ चा तिहेरी बदल मोहक वाटतो, पण तो मारक पेशींची पकड काही प्रमाणात कमी करतो. प्लाक काढण्याच्या कामात ते परवडेल का हे मायक्रोग्लियाच्या चाचणीत ठरवा.

अडथळा ओलांडण्याची सोय

०.१ टक्क्यावर समाधान मानायचे नसेल तर ट्रान्सफेरिन ग्राहकाची फेरी वापरता येते. हा ग्राहक केशवाहिन्यांच्या पेशींवर दाट असतो आणि लोह आत नेतो, त्याच्याबरोबर अँटिबॉडीही जाते. इथे जास्त घट्ट पकड घातक ठरते, हे २०११ मध्ये उंदरांत दिसले. फार घट्ट धरलेला ग्राहक अँटिबॉडीसकट पेशीच्या कचराकुंडीत, लायसोसोममध्ये जातो, आणि दोन्ही हातांनी धरला तर दोन ग्राहक जोडले जाऊन तेच होते. म्हणून ग्राहकासाठी एकच हात आणि दहा ते काहीशे नॅनोमोलरची मध्यम ओढ ठेवा. ट्रॉन्टिनेमॅबमध्ये गँटेनेरुमॅबच्या शेपटीला असा एक फॅब जोडलेला आहे. गँटेनेरुमॅब जिथे संथ पडले तिथे हे रूप सुरुवातीच्या चाचण्यांत कमी डोसमध्ये प्लाक झपाट्याने काढते, आणि सूजही कमी दिसली आहे. अँटिबॉडी अमायलॉइडने लिंपलेल्या मोठ्या वाहिन्यांऐवजी सर्वदूर पसरलेल्या केशवाहिन्यांतून आत जाते, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

धोका रक्तात आहे. बाल लाल रक्तपेशींवरही हाच ग्राहक असतो. शेपटी जागी असेल तर त्या मारल्या जातात. रेटिक्युलोसाइट (त्याच बाल पेशी), हिमोग्लोबिन आणि लोह पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा. मानवी ग्राहक धरणारा हात उंदराच्या ग्राहकाला सहसा धरत नाही, तेव्हा मानवी ग्राहक बसवलेले उंदीर लागतील. त्यांची पैदास आधीच सुरू करा, वर्ष वाचते.

प्राण्यांमध्ये

मेंदूतली अँटिबॉडी मोजताना रक्त धुऊन काढले नाही तर सगळी मोजणी व्यर्थ आहे. हिशेब असा: उंदराच्या एक ग्रॅम मेंदूत सुमारे २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे १० मायक्रोलिटर रक्तद्रव. रक्तद्रवात मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी असेल तर त्यातच १ मायक्रोग्रॅम बसली. ऊतीत खरी आहे ०.१ मायक्रोग्रॅम. न धुता मोजले की उत्तर दहा पटींहून जास्त फुगते, आणि रक्त ९० टक्के धुतले तरी उरलेल्या रक्ताची भर खऱ्या आकड्याइतकीच राहते. थंड, हेपरिनयुक्त सलाइन हृदयातून किमान ३ ते ५ मिनिटे, यकृत फिके पडेपर्यंत सोडा. त्यानंतर मेंदू कुस्करून १३ टक्के डेक्स्ट्रानमध्ये ५,४०० जी वर १५ मिनिटे फिरवा. केशवाहिन्या तळाशी बसतात, वरचा भाग हीच खरी ऊती. ग्राहकावर स्वार होणाऱ्या अँटिबॉडीसाठी ही पायरी अनिवार्य आहे, कारण वाहिन्यांच्या भिंतीत अडकलेली अँटिबॉडी मेंदूत पोहोचलेली नसते.

मानवी अँटिबॉडी उंदराला वारंवार दिली की दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याचे शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते आणि पातळी धाडकन घसरते. दीर्घ प्रयोगासाठी उंदराच्या आयजीजी-२ए वर बसवलेले रूप तयार ठेवा. उंदराची आयजीजी-१ यासाठी नको, ती मायक्रोग्लियाला फारसे हाकारत नाही.

नमुना उंदीर निवडताना लक्ष्याची जागा त्यात शाबूत आहे का ते पाहा. उंदराचे स्वतःचे अमायलॉइड ५, १० आणि १३ या जागांवर माणसापेक्षा वेगळे असते. काही लोकप्रिय नमुन्यांत २२ व्या जागी आर्क्टिक बदल असतो. पायरोग्लुटामेटयुक्त अमायलॉइड तरुण उंदरांत नगण्य असते, म्हातारे उंदीर लागतात. उपचार प्लाक साचल्यावर सुरू करा. सोलानेझुमॅबच्या मूळ उंदीर-अँटिबॉडीने कोवळ्या उंदरांत प्लाक होऊ दिले नाहीत, पण साचलेले तिने हलवले नाहीत. हा इशारा फार लवकर मिळाला होता. मेंदूचे काप लोह दाखवणाऱ्या प्रशियन ब्लूने रंगवून सूक्ष्म रक्तस्राव मोजा. अँटिबॉडीने ते वाढू शकतात हे २००२ मध्येच उंदरांत दिसले होते. माकडांचे अमायलॉइड माणसासारखेच असते, पण विषचाचणीतल्या तरुण माकडांना प्लाकच नसतात. तिथे सूज दिसली नाही म्हणून ती रुग्णात येणार नाही, असे समजू नका.

उत्पादन

सीएचओ (हॅम्स्टरच्या) पेशी, अँटिबॉडी पकडणारा प्रोटीन-ए स्तंभ, विषाणू मारायला पीएच ३.६ च्या आसपास तासभर, आयन विनिमय, २० नॅनोमीटरची गाळणी, शेवटी सांद्रीकरण: ही वाट सर्वांच्या माहितीची आहे. या औषधांत वेगळे असते ते प्रमाण. पंधरवड्याला ७०० मिलिग्रॅम म्हणजे रुग्णामागे वर्षाला १८ ग्रॅमहून अधिक. १०,००० लिटरच्या पात्रात लिटरला ४ ग्रॅम आणि ७० टक्के उतारा धरला तर एका खेपेत २८ किलो, म्हणजे साधारण १,५०० रुग्णांचे एक वर्ष. त्वचेखाली द्यायचे रूप हवे असेल तर मिलिलिटरला १५० मिलिग्रॅमवर चिकटपणा २० सेंटिपॉइझच्या आत राहतो का हे क्लोन निवडतानाच तपासा, नंतर ते दुरुस्त होत नाही. अँटिबॉडीच्या गुठळ्या २ टक्क्यांच्या खाली ठेवा. शेपटीवरच्या साखरेत फ्युकोज किती आहे हे प्रत्येक खेपेत मोजा. ते घटले की मारक पेशींची पकड वाढते आणि तीच अँटिबॉडी खेपेनुसार वेगळी वागते.

रुग्णांपर्यंत

ज्याच्या मेंदूत लक्ष्यच नाही त्याला औषध देऊ नका. हे सांगायची गरज वाटू नये, पण सोलानेझुमॅबच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत सौम्य रुग्णांपैकी सुमारे चौथ्या भागाच्या मेंदूत अमायलॉइड नव्हते. आता पेट स्कॅन, मज्जाद्रवातले बीटा-४२ आणि ४० यांचे गुणोत्तर किंवा रक्तातले पी-टाऊ २१७ (फॉस्फेट जोडलेला टाऊ) यांनी निवड होते. पार्किन्सनमध्ये बी वाढवून ओळखणारी चाचणी निवडीला उपयोगी आहे, पण मेंदूतले आल्फा-सायन्यूक्लिइन किती घटले हे दाखवणारा मान्यताप्राप्त स्कॅन नाही. आल्फा-सायन्यूक्लिइन धरणाऱ्या प्रासिनेझुमॅबने रक्तातले मोकळे प्रथिन ९० टक्क्यांहून अधिक घटवले. मेंदूत काय झाले ते त्यावरून ठरत नाही. अशा आजारात डोस मज्जाद्रवातल्या पातळीवरून, वरच्या गणिताने ठरवा.

परिणामाची अपेक्षा प्रामाणिक ठेवा. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ जण होते. १८ महिन्यांत १८ गुणांच्या सीडीआर-एसबी या, स्मृती आणि रोजची कामे तपासणाऱ्या मापावर दोन गटांत ०.४५ चा फरक पडला, म्हणजे ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. एवढा फरक टिपायला शेकडो नव्हे, हजाराहून अधिक माणसे आणि दीड वर्ष लागते. छोट्या चाचणीला हा प्रश्न विचारू नका. तिला प्लाक किती आणि किती वेगाने निघाले एवढेच विचारा.

सुजेची तयारी पहिल्या रुग्णाआधी पूर्ण हवी. एमआरआयच्या चित्रप्रकारांपैकी फ्लेअर सुजेसाठी, टी-२ स्टार किंवा एसडब्ल्यूआय रक्तस्रावासाठी, आणि सगळीकडे चुंबकाची ताकद एकच. चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर लोह साचलेले दिसले तर रुग्ण घेऊ नका. अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेले एपीओई जनुक तपासा: लेकॅनेमॅब घेणाऱ्यांत सूज एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांत ३२.६ टक्के, एक प्रत असलेल्यांत १०.९ आणि एकही नसलेल्यांत ५.४ टक्के होती. सूज बहुधा पहिल्या काही डोसमध्ये येते, म्हणून स्कॅनही सुरुवातीलाच दाट हवेत. डोस हळू चढवा. डोनानेमॅब आधी ७०० मिलिग्रॅमने सुरू होत असे. ३५०, ७००, १,०५० आणि मग १,४०० असा चढ ठेवल्यावर २४ आठवड्यांतली सूज सुमारे २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली आणि प्लाक तितकेच निघाले. सूज आली की गुपित फुटते, रुग्णाला खरे औषध मिळतेय हे कळते. म्हणून स्कॅन वाचणारा आणि स्मृती मोजणारा यांची कधीही गाठ पडू देऊ नका.

थांबण्याचा नियमही आधी लिहा. डोनानेमॅबच्या चाचणीत पेट स्कॅनवर एकदा ११ सेंटिलॉइडच्या (अमायलॉइड मोजायच्या एककाच्या) खाली, किंवा लागोपाठ दोनदा २५ च्या खाली आकडा आला की औषध बंद केले जाई. नंतर अमायलॉइड वर्षाला दोन-तीन सेंटिलॉइड इतक्या संथपणे परत साचते.

आणि प्रत्येक रुग्णाच्या खिशात एक कार्ड द्या: औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख, चाचणी केंद्राचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी. डोकेदुखी, गोंधळ, एका बाजूचा अशक्तपणा ही सुजेचीही लक्षणे असतात आणि पक्षाघाताचीही. अपघात विभागातल्या डॉक्टरने पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले तर मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, आणि असे मृत्यू झाले आहेत. ते औषध देण्याआधी एमआरआय पाहावा, ही ओळ कार्डावर सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत छापा.